मंडळीत पहिल्यांदा ‘दोन शब्द’ बोलायची पाळी आली तर

रविवारची उपासना संपली होती. पाळकसाहेब स्कूटरला किक मारता मारता म्हणाले, “ताई, बुधवारची घरगुती प्रार्थना या वेळी तुम्ही घ्या. दोन शब्द बोला, प्रार्थना करा, झालं.” आणि गेलेसुद्धा.

मी बारा वर्षं गायनात उभी राहत होते, चहा गाळत होते, नाताळात केकचे तुकडे मोजून वाटत होते. पण लोकांसमोर वचन उघडून कधी बोलले नव्हते. मग घाबरलेली माणसं जे करतात तेच केलं. मोबाइलवर एका नामांकित उपदेशकांचा संदेश शोधला, वहीत उतरवला आणि बुधवारी घडाघडा वाचून काढला. अडतीस मिनिटं! आत कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या, भिंतीला टेकलेल्या एक आजी डोळे मिटून बसल्या. चहाच्या वेळी एका काकांनी अगदी साधेपणानं विचारलं, “आजचं वचन कुठलं होतं हो?” मला सांगता येईना. दहा-बारा वचनं येऊन गेली होती, पण थांबलं एकही नव्हतं.

त्यानंतर बऱ्याच घरगुती प्रार्थना झाल्या, आजाऱ्यांच्या भेटी झाल्या, मयतीच्या घरी बसणं झालं. चुकाही भरपूर झाल्या. ज्यांना आत्ता नुकतंच ‘तुम्ही घ्या’ असं सांगितलं गेलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

सगळ्याच्या मुळाशी पहिले पेत्र ४:११, म्हणजे प्रेषित पेत्राच्या पहिल्या पत्रातलं एक वचन आहे. बोलणाऱ्यानं आपण देवाची वचनं बोलत आहोत असं बोलावं, सेवा करणाऱ्यानं देव पुरवतो त्या शक्तीनं सेवा करावी, असं पेत्र लिहितो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला धडकीच भरली. माझ्या तोंडून निघेल ते सगळं देवाचं वचन? मग एका लग्नात पंगतीतला वाढपी बघताना उलगडा झाला. शिधा त्याचा नाही, स्वयंपाक त्याचा नाही, यजमान तो नाही. पातेल्यात आहे ते न सांडता पानापर्यंत न्यायचं, एवढंच त्याचं काम. पण घरून स्वतःचा डबा आणून त्यानं पंगतीत वाढायचा नसतो, आणि रिकामं पातेलं घेऊन मिरवायचंही नसतं. आधीच्या ओळीत पेत्रानं वापरलेला शब्दही तसाच आहे : कारभारी. मालक वेगळा, कारभारी वेगळा. (आमच्याकडच्या बायका नवऱ्याला कारभारी म्हणतात, तेव्हा त्यांना नेमकं काय सुचवायचं असतं हा वेगळा विषय.)

आणि हे कोण लिहितोय, तेही बघा. बोलण्यात आणि करण्यात एकाच रात्री आपटलेला माणूस. जेवताना येशूला म्हणाला, तुझ्यासाठी जीव देईन. बागेत स्वतःच्या जोरावर तलवार काढून महायाजकाच्या दासाचा, मल्खाचा, कान कापला. पहाट व्हायच्या आत एका दासीसमोर ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणून मोकळा झाला. स्वतःच्या शक्तीचा आणि स्वतःच्या शब्दांचा हिशेब त्याला पुरता कळला होता, म्हणून त्याचं ऐकावं.

जवळ काय काय हवं

- पवित्र शास्त्र, छापील. मोबाइलवरचं चालतं, पण ऐन वेळी फोन वाजतो, बॅटरी संपते, आणि समोरच्याला वाटतं तुम्ही मेसेज बघताय.
- दुसरं एखादं भाषांतर, फक्त घरी ताडून बघायला. सोप्या मराठीतलं घ्या, किंवा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’. हिंदी किंवा इंग्रजी येत असेल तर तेही.
- उपासना संगीत, म्हणजे आपलं गीतांचं पुस्तक. गीताचा क्रमांक आधीच लिहून ठेवा. ‘कोणतं गाणं घ्यायचं?’ यावर दहा मिनिटं जातात.
- एक वही. सुटे कागद पंख्याच्या वाऱ्यानं उडतात, हे अनुभवानं सांगते.
- मनगटावर घड्याळ. भिंतीवरचं बहुतेक घरांत बंद किंवा पुढे असतं.
- तुम्हाला खरं सांगेल असं एक माणूस. नवरा, बायको, बहीण, मैत्रीण, कुणीही. हे सगळ्यात अवघड.

१. ‘हो’ म्हणा, आणि लगेच चार प्रश्न विचारा

‘मला बोलता येत नाही’ हे कारण जुनं आहे. मोशेनं जळत्या झुडपासमोर हेच सांगितलं, यिर्मयानं ‘मी केवळ बाळ आहे’ म्हटलं. दोघांचंही चाललं नाही. मात्र मोशेला बोलायला अहरोन जोडीला मिळाला. म्हणजे मदत मागायला हरकत नाही. गीत दुसऱ्या कुणाला घ्यायला सांगा, मध्यस्थीची प्रार्थना तिसऱ्याला द्या.

विचारायचं ते असं : कुणाच्या घरी? निमित्त काय? किती वेळ? कोण कोण येणार? निमित्त विचारायचं विसरू नका. मी एकदा वाढदिवस समजून आनंदाचं स्तोत्र तयार करून गेले, तर त्या घरात वर्षश्राद्धासारखी स्मरणार्थ प्रार्थना होती. दारातच फोटोला घातलेला हार दिसला आणि पोटात गोळा आला.

शेजारपाजारचे इतर धर्मांचे लोक येणार असतील तर तेही आधी कळू द्या. ते पाहुणे म्हणून आलेले असतात. त्यांच्या देवाधर्मावर बोलायला आपल्याला कुणी बोलावलेलं नसतं.

२. एकच शास्त्रभाग घ्या, पण मागचापुढचा घेऊन

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण निम्म्या चुका इथेच होतात.

आपल्याला वचनं सुटी सुटी पाठ असतात. कॅलेंडरवर, मगवर, रिक्षाच्या मागे, व्हॉट्सअ‍ॅपच्या फुलांवर ती तशीच भेटतात. उदाहरणार्थ फिलिप्पै ४:१३, मला सामर्थ्य देणाऱ्याच्या द्वारे मी सर्व काही करू शकतो. दहावीच्या मुलांच्या प्रार्थनेत हे हमखास येतं. पण प्रेषित पौल हे पत्र बंदिवासातून लिहितोय, आणि एक ओळ आधी तो कशाबद्दल बोलतो? पोट भरलेलं असणं आणि उपाशी असणं, विपुलता आणि टंचाई, दोन्हींत राहायला शिकलो, याबद्दल. म्हणजे हे वचन पहिल्या नंबराचं आश्वासन देत नाही. नापास झालेल्या मुलाला त्याचा जास्त आधार आहे. मुलांना तसं सांगून बघा, एकदम कान टवकारतात.

तसंच यिर्मया २९:११. तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे विचार आहेत, असं देव म्हणतो ते. हे बाबेलमध्ये धरून नेलेल्या लोकांना पाठवलेलं पत्र आहे आणि त्याच्या अगदी आदल्या वचनात सत्तर वर्षं हा आकडा आहे. पत्र ऐकणाऱ्या बहुतेक म्हाताऱ्यांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. त्यांना काय सांगितलं? घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याचं कल्याण चिंता. गाव सोडून पिंपरीत, ठाण्यात किंवा दुबईत स्थायिक झालेल्या आपल्या लोकांना हे पूर्ण पत्र वाचून दाखवा. सुट्या ओळीपेक्षा त्यात कितीतरी जास्त आहे.

सुटं वचन किती धोक्याचं, ते मत्तयाच्या चौथ्या अध्यायात दिसतं. मंदिराच्या शिरोभागी सैतान येशूला जे ऐकवतो ते स्तोत्र ९१ मधलं आहे, शब्द खरेच शास्त्रातले. येशू त्याला तिन्ही वेळा जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातून उत्तर देतो, आणि तिन्ही उत्तरं सहाव्या आणि आठव्या अध्यायांतली आहेत, रानातल्या इस्राएलाच्या गोष्टीतली. तो स्वतः तेव्हा रानातच उपाशी होता. वचन तोंडपाठ असणं वेगळं आणि त्याची जागा ठाऊक असणं वेगळं.

करायचं असं : शास्त्रभाग आठ ते पंधरा वचनांचा घ्या. शक्यतो पाच दिवस आधी ठरवा. रोज एकदा मोठ्यानं वाचा, भांडी घासताना मनात घोळवा. अडखळायला होणारी नावं आधीच म्हणून ठेवा. नबुखद्नेस्सर ऐन वेळी कुणालाच म्हणता येत नाही.

३. त्या भागाला प्रश्न विचारा

तीन पुरेत. हे कुणी, कुणाला, कोणत्या परिस्थितीत सांगितलं? यातून देव कसा आहे ते काय कळतं? आणि उद्या सकाळी दूध आणायला जाणाऱ्या माणसानं याचं काय करायचं?

आपल्याच वचनावर, पहिले पेत्र चार वर, करून बघू. हे पत्र आजच्या तुर्कस्तानातल्या पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया आणि बिथुनिया या भागांत विखुरलेल्या, परक्यासारख्या राहणाऱ्या विश्वासणाऱ्यांना आहे. त्यांची टिंगल होत होती, त्रास होत होता. अकराव्या वचनाआधी नववं आहे : कुरकुर न करता एकमेकांचा पाहुणचार करा. म्हणजे देवाच्या शक्तीनं करायच्या सेवेची सुरुवात व्यासपीठावर होत नाही, अवेळी आलेल्या पाहुण्याला भाकरी टाकण्यात होते. हे कळल्यावर ‘मी बोलणारा नाही, मला काय दान मिळालंय?’ म्हणणाऱ्या माणसाशी काय बोलायचं ते सुचतं.

एक शब्द तर फारच सुंदर आहे. देव शक्ती ‘पुरवतो’ असं जिथे म्हटलंय, तिथे मूळ ग्रीकमध्ये ‘खोरेगेओ’ या क्रियापदाचं रूप आहे. अथेन्समध्ये नाटकातल्या गायकवृंदाचा खर्च, म्हणजे त्यांची तालीम आणि पोशाख, एखादा श्रीमंत नागरिक उचलत असे, त्याला ‘खोरेगोस’ म्हणत. पुढे त्या क्रियापदाचा अर्थ नुसता ‘पुरवणं’ असा व्यापक झाला. आपल्या भाषेत सांगायचं तर नाचणारे-गाणारे आपण, पण फडाचा खर्च उचलणारा दुसरा आहे. मात्र असं काही सापडलं तर एकच सांगा आणि पुढे चला. ‘ग्रीकमध्ये असं आहे’ तीनदा म्हटलं की लोक तुमच्या ज्ञानाकडे बघू लागतात आणि वचन बाजूला राहतं.

अडलं तर पाळकांना फोन करा. त्यांना आवडतं. दुपारी दोन ते चार सोडून.

४. लिहून काढा, मग निम्मं खोडा

घरगुती प्रार्थनेला दहा-बारा मिनिटं पुष्कळ झाली. पन्नासाव्या दिवसाच्या सणाला यरुशलेमात पेत्रानं केलेलं भाषण ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात लिहिलंय ते मोठ्यानं वाचून पाहा, पाचेक मिनिटांत संपतं. त्यात योएल संदेष्टा आहे, दोन स्तोत्रं आहेत, आणि तरी ते कुठे भरकटत नाही. (ते पुस्तक लिहिणाऱ्या लूकनं ते आटोपशीर करून दिलं असणार, हे मान्य. आपल्याला आटोपशीर करून द्यायला कुणी लूक नाही, म्हणून आपणच करायचं.)

भाषा साधी ठेवा. आपल्या मंडळ्यांत एक खास बोली तयार झाली आहे : ‘प्रभूनं मला ओझं दिलं’, ‘आत्म्यात चाला’, ‘अभिषेक उतरला’. आत वाढलेल्यांना ती कळते, नव्यानं आलेल्या सुनेला कळत नाही. हे शब्द वापरलेच तर लगेच अर्थ सांगा. आपल्या लोकांनी या बाबतीत फार कष्ट घेतलेत. फादर थॉमस स्टीफन्सनी गोव्यात लोकांच्या कानाला सवयीची ओवी घेतली आणि १६१६ साली ख्रिस्तपुराण छापलं. अहमदनगरकडे ख्रिस्ती कीर्तनं उभी राहिली. रेव्हरंड टिळकांची गीतं आपण अजून गातो, ती त्यांच्यातल्या मराठी कवीमुळे. आणि पंडिता रमाबाईंनी तर केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून, हिब्रू-ग्रीक शिकून, साध्या बायामाणसांना कळावं म्हणून सगळ्या शास्त्राचं भाषांतर केलं. त्या १९२२ मध्ये वारल्या, पूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये निघाला. तिथल्याच बायकांनी छापखान्यात त्यासाठी काम केलं. एवढं झाल्यावर आपण बुधवारी कुणाच्या तरी हॉलमध्ये बसून जड बोलावं, हे शोभत नाही.

दुसऱ्याचा संदेश उचलू नका. ऐका, शिका, एखादा मुद्दा घेतलात तर ‘हे मी अमक्यांकडून ऐकलं’ असं सांगा. आणि ‘देवानं मला सांगितलं की तुम्ही...’ हे वाक्य नवख्यांनी तरी कुलपात ठेवावं. या एका वाक्यावर लोकांनी सोयरिकी मोडलेल्या, नोकऱ्या सोडलेल्या मी पाहिल्यात. ‘मला या वचनातून असं वाटतं’ म्हणा. ऐकणाऱ्याला घरी जाऊन तपासता आलं पाहिजे. बिरुयातले लोक पौलाचंही रोज शास्त्रात तपासून बघत होते, आणि लूक त्यांची स्तुती करतो.

५. शक्ती मागायची म्हणजे नेमकं काय करायचं

हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. तयारी केली तर ती माझी शक्ती, आणि तयारी न करता उभं राहिलं तर ती देवाची, असं काहीसं डोक्यात होतं. चूक. तयारी हे पातेलं घासणं आहे. ते घासल्यानं त्यात भाजी येत नाही, पण कळकट पातेल्यात कुणी वाढायला देणार नाही.

मी आता असं करते. निघण्याआधी दहा मिनिटं दार लावून बसते. पहिल्यांदा ज्या घरी जायचं त्या घरातल्यांची नावं घेते, एकेकाचं. मग ज्या गोष्टीची भीती वाटते ती स्पष्ट सांगते, ‘त्यांच्या मोठ्या जावयासमोर माझी बोबडी वळते’ इतकं स्पष्ट. पौल करिंथात अशक्त, भयभीत आणि कापत होता, असं तो स्वतः लिहितो, तेव्हा आपण शूर असल्याचं नाटक करण्याचं कारण नाही. शेवटी, मला कुणी चांगलं म्हणावं ही इच्छा आहे तीही सांगून टाकते. ती दर वेळी असतेच.

ऐन वेळेसाठी पारसाच्या राजाच्या पदरी असलेल्या नहेम्याची युक्ती. राजानं ‘तुला काय हवं?’ विचारलं आणि उत्तर द्यायच्या आधी त्यानं स्वर्गीय देवाची प्रार्थना केली. किती वेळ मिळाला असेल? एका श्वासाइतका. कठीण प्रश्न आला की तेवढंच करायचं.

आता सापळा. आवाज चढवला, शब्द पुन्हा पुन्हा म्हटले, घाम आला की शक्ती उतरली असा समज आहे. कर्मेल डोंगरावर दिवसभर ओरडत होते ते बआलचे संदेष्टे. त्यांच्यासमोर एकटा उभा राहिलेला देवाचा संदेष्टा एलीया, त्याची प्रार्थना दोन वचनांत संपली. आणि येशूचं नाव म्हणजे मंत्र नव्हे. इफिसात स्किवाच्या सात मुलांनी ‘पौल ज्याची घोषणा करतो त्या येशूची शपथ’ असं म्हणून ते नाव उसनं वापरून पाहिलं. भूतग्रस्त माणसानं त्यांना इतकं बडवलं की ते उघडेवाघडे पळाले. ही गोष्ट संडे स्कूलच्या मुलांना फार आवडते. मोठ्यांनी ती जास्त वेळा वाचावी.

६. दुःखाच्या घरी : आधी बसा

तरुण मुलगा अपघातात गेलेलं एक घर. मी त्याच्या आईशेजारी बसले आणि पाच मिनिटांत रोमकरांस ८:२८ म्हणून दाखवलं, देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात ते. वचन खरं होतं. त्या माउलीनं माझा हात बाजूला केला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. नंतर कित्येक महिने ती मंडळीत मला टाळत होती.

नीतिसूत्रांत लिहिलंय की खिन्न मनाच्या माणसापुढे गाणी गाणं म्हणजे थंडीच्या दिवशी अंगावरचं पांघरूण काढून घेणं. हे मला आधी ठाऊक असतं तर! ईयोबाचे तिघे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर गप्प बसले, तोवर ते उत्तम मित्र होते. तोंड उघडलं आणि बिघडलं. त्यांची बरीच वाक्यं ऐकायला अगदी बरोबर वाटतात, तरी देवाचा कोप शेवटी त्यांच्यावरच होतो.

तर मयतीच्या घरी हे करा : पाणी भरा, आलेल्यांना चहा द्या, फोन उचला, म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्यांची वेळ सांभाळा, दफनभूमीचे कागद कुणी बघतंय का ते विचारा. वचन वाचायला सांगितलंच तर विलापाचं स्तोत्र हळू आवाजात वाचा. तेरावं चांगलं आहे, ‘हे परमेश्वरा, कुठवर?’ असं विचारणारं. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, त्याला गोड शेवट नाही. तेही शास्त्रात आहे, ही गोष्ट रडणाऱ्याला कधीकधी फार आधार देते. ‘देवाला फुलं आवडतात म्हणून त्यानं तोडलं’ असलं काहीही बोलू नका. शास्त्रात असं कुठेही नाही. लाजराच्या कबरेपाशी येशू रडला, तेही दोन मिनिटांत त्याला उठवणार असताना.

७. आजाऱ्याच्या भेटीला

आधी विचारा, ‘प्रार्थना करू का?’ नको म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका, संत्री ठेवा आणि या. वॉर्डात असाल तर आवाज शेजारच्या खाटेपर्यंत जाता कामा नये. दहा मिनिटांवर बसू नका. चार जणांपेक्षा जास्त जाऊ नका. आजाराचं नाव, रिपोर्ट, कारण, यातलं काहीही मंडळीच्या प्रार्थनेच्या ग्रुपवर घरच्यांना विचारल्याशिवाय टाकू नका. प्रार्थनेच्या विनंतीतून जेवढ्या चुगल्या पसरतात तेवढ्या नळावरही पसरत नाहीत.

याकोबाच्या पाचव्या अध्यायात आजाऱ्यानं मंडळीच्या वडिलांना, म्हणजे मंडळीतल्या जबाबदार ज्येष्ठांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असं आहे. ते पाळक आणि वडील करतील, नवख्यानं एकट्यानं पुढे होऊ नये. आणि औषध बंद करा असं कधीही, कुणालाही, कितीही विश्वासानं सांगू नका. पौल तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, लूकला ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. शास्त्राला वैद्याचं वावडं नाही. शिवाय आपल्याकडे २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा त्यात गुन्हा आहे. बरं करणारा देव आहे असं आपण मानतो, मग तो सलाईनमधून बरं करणार नाही हे आपण का ठरवायचं?

८. हातांची कामं

सतरंज्या घालणं, खुर्च्या उचलणं, प्रभुभोजनाचे पेले धुणं. यांना कुणी ‘आत्मिक’ म्हणत नाही. पण यरुशलेमच्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटणीत डावललं जातं अशी कुरकुर झाली, तेव्हा वाढपाच्या कामाला माणसं कशी निवडली? आत्म्यानं आणि ज्ञानानं पूर्ण अशी सात. पंगतीच्या कामाला!

याकोब तर उघड्यावाघड्या, उपाशी भावाला ‘सुखी राहा, ऊब घे, पोटभर जेव’ म्हणून नुसती वाट दाखवणाऱ्याचे कान धरतो. एखाद्या घरी गेल्यावर डब्यात तांदूळ नाही असं दिसलं, तर त्या दिवशीचा संदेश दोन मिनिटांचा करा आणि किराणा आणून द्या. फोटो काढू नका.

पैशाचं काम आलं तर दोघांनी मिळून मोजा, तिथेच लिहा, दोघांच्या सह्या घ्या, त्याच आठवड्यात खजिनदाराकडे द्या. पौल वर्गणी नेताना एकटा गेला नाही. आपल्यावर कुणी दोष ठेवू नये म्हणून सोबत माणसं घेतली, असं तो करिंथकरांना स्पष्ट लिहितो. पौलानं एवढी काळजी घेतली, तर ‘आमच्यात विश्वास आहे’ म्हणून दानपेटी एकट्यानं घरी नेण्याचा हट्ट आपण धरू नये.

९. दमलात तर

देवाच्या शक्तीनं सेवा करायची म्हणजे कधी दमायचंच नाही, असा माझा समज होता. आठवड्याला तीन घरं, वर नोकरी, वर स्वयंपाक. शेवटी एका प्रार्थनेत मी डोळे मिटले आणि खरंच झोपले. एलीया रतामाच्या झुडपाखाली ‘पुरे झालं, माझा प्राण घे’ म्हणाला तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. ऊन भाकरी दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, उठवून पुन्हा खायला दिलं. मोशेला त्याच्या सासऱ्यानं सांगितलं की असं सगळं एकट्यानं केलंस तर तू झिजशील आणि ही माणसंही झिजतील. सासऱ्याचं ऐकून त्यानं कामं वाटून दिली. महिन्यात एक आठवडा ‘या वेळी जमणार नाही’ म्हणायला शिका. पहिल्या वेळी फार जड जातं.

१०. घरी आल्यावर

‘छान बोललात’ याला ‘आभारी आहे’ एवढंच उत्तर द्या. ‘मी काहीच नाही हो, सगळं देवाचंच’ हे खालच्या मानेनं म्हणताना आणखी स्तुती ऐकायची असते, मला माहीत आहे. मग त्या खरं सांगणाऱ्या माणसाला विचारा : कंटाळा कुठे आला? कळलं नाही ते काय? आमचे हे दर वेळी म्हणतात, “तीन वेळा ‘शेवटी एवढंच सांगते’ म्हणालीस.”

रात्रीच वहीत तारीख, शास्त्रभाग, गीताचा क्रमांक, कुणासाठी प्रार्थना मागितली ते लिहा. आठवड्यानं त्या माणसाला ‘आता कसं आहे?’ म्हणून फोन करा. आणि कुणाच्या घरी बोललात तेही नोंदवा. मी ते लिहीत नव्हते. आठ-नऊ महिन्यांनी त्याच पहिल्या घरी पुन्हा गेले आणि मधल्या काळात तिथेच दिलेला संदेश न आठवून पुन्हा देऊ लागले. मध्येच एक वाक्य अडलं. भिंतीला टेकून डोळे मिटलेल्या त्या आजींनी, डोळे न उघडता, पुढचं वाक्य मला सांगितलं.